नळाच्या आतली भिंत

मराठीत पाण्याला शब्दांची वाण नाही. नदी, ओढा, ओहोळ, झरा, डोह, तळे, टाके, विहीर, बारव, पाणवठा. पाणी वाहते की थांबते, खोल आहे की उथळ, कोणाच्या मालकीचे आहे आणि तिथे कोणाला उतरता येते, या सगळ्याची नोंद या शब्दांनी आपापल्या परीने ठेवली आहे. आपल्या कथा-कवितांतही पाणी भरपूर आहे. नळ मात्र तिथे उशिरा आला, आणि आला तोही तोंडापुरता. चाळीतल्या नळावरची भांडणे, पहाटेची रांग, रिकाम्या हंड्यांचा आवाज, एवढे साहित्याने पाहिले. तोटीच्या मागे जमिनीखालून मैलोगणती गेलेली जी काळोखी पोकळी आहे, तिच्यात डोकावण्याचे कारण लेखकांना फारसे पडले नाही.

मला ते पडले एका शब्दामुळे. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी तयार होत असलेल्या एका पुस्तिकेची भाषा तपासून देण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. मी मराठी शिकवतो, एवढाच माझा त्या विषयाशी संबंध. मजकूर इंग्रजीवरून उतरवलेला होता आणि त्यात ‘बायोफिल्म’साठी ‘जैवपटल’ असा प्रतिशब्द योजला होता. शब्द घडणीच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु ज्याच्या हाती ही पुस्तिका जाणार तो गावचा जलसुरक्षक; टाकीत टीसीएल पावडर कालवून ओतणारा, वॉल्व्ह फिरवून एकेका आळीला पाणी सोडणारा माणूस. ‘पटल’ म्हटल्यावर त्याला डोळ्याच्या दवाखान्यातले नेत्रपटल आठवेल, किंवा काहीच आठवणार नाही.

मग दुसरा शब्द शोधणे आले. ‘शेवाळ’ सगळ्यांच्या ओळखीचे. पण शेवाळाला उजेड लागतो, आणि पाइपात तर काळोख. ‘गाळ’ म्हणावे, तर गाळ तळाशी बसतो. हा थर तळाला, बाजूंना, वर छताला, सगळीकडे असतो. शिवाय गाळ निर्जीव. ‘तवंग’ पाण्यावर तरंगतो, तर हा पाण्याच्या कडेला चिकटलेला. ‘कीट’ बरेच जवळचे. दातांवरच्या किटात जीव असतो हेही खरे, पण बोलीत कीट म्हणजे साचलेला मळ, त्यात वाढण्याची कल्पना नाही. ‘साय’ ही कल्पना देते. ती आपणहून येते, तिला जाडी असते, ती एकसंध असते. पण साय हवीहवीशी असते. नळात साय आहे असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ते सुखाचे वाटायचे.

अखेर वाट दाखवली ती प्रशिक्षणाला आलेल्या एका वयस्क वॉल्व्हमनने. फुटलेल्या वाहिन्या जोडताना आत हात घातला की काय लागते, असे त्याला विचारले होते. तो म्हणाला, “आतनं बुळबुळ धरलेली असती.” त्यातला ‘बुळबुळ’ हा शब्द मला पटला, पण त्याहून अधिक लक्षात राहिले ते त्याचे क्रियापद. धूळ बसते, गाळ साचतो, गंज चढतो. पण बुळबुळ धरते, साय धरते, रोप मूळ धरते, झाड फळ धरते, मूल बाळसे धरते. आधी पकड आणि मग वाढ, ही दोन्ही कामे मराठीने या एका धातूत एकत्र ठेवली आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राला जी प्रक्रिया समजावून सांगायला परिच्छेद लागतो, तिचा गाभा त्या क्रियापदात आधीच होता. पुस्तिकेत ‘पाइपाच्या आतल्या भिंतीवर धरलेला जिवंत बुळबुळीत थर’ एवढे वाक्य गेले. प्रतिशब्दाचा प्रश्न तेथे मिटला. त्या थराविषयीचे कुतूहल मात्र तेथून पुढे सुरू झाले.

*

हा थर माणसाने प्रथम पाहिला तो आपल्याच तोंडात. डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी फान लेव्हेनहुक याने १६८३ साली आपल्या दातांवरचे कीट खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिले, आणि त्यात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करीत असल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. पुढे त्याने त्यांच्यावर व्हिनेगरचा प्रयोग केला. किटाचा थर सुटा करून पाण्यात कालवला आणि त्यात व्हिनेगर घातले, तर ते जीव मरत. पण तोंडात व्हिनेगर घेतले, तर थराच्या बाहेरच्या बाजूचे तेवढे मरत. आतले शाबूत राहत. व्हिनेगर थराच्या आरपार जातच नव्हते. नळातल्या क्लोरीनची सगळी अडचण या निरीक्षणात आलेली आहे. तिची गणिती उकल व्हायला तीनशे वर्षे लागली.

मधल्या काळात असे झाले, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट कॉख आणि त्याच्या समकालीनांनी जीवाणूंचा अभ्यास ‘शुद्ध संवर्धा’वर उभा केला. रोगाला कारण कोण, हे ठरवायचे तर एकच जात वेगळी काढून वाढवणे भाग होते, आणि त्या पद्धतीने पटकी, क्षय यांची कारणे सापडली. पण त्यामुळे प्रयोगशाळेने जीवाणू पाहिला तो एकटा, सुटा, काचेच्या चंबूत पोटभर खाऊन तरंगणारा. निसर्गात तो असा क्वचितच राहतो. कॅनेडियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जॉन विल्यम कॉस्टर्टन (१९३४-२०१२) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरातल्या थंड, स्वच्छ ओढ्यांचे पाणी तपासले तेव्हा पाण्यात जीवाणू मोजके होते. पाण्याखालच्या दगडांवरच्या बुळबुळीत थरात मात्र त्यांची दाटी होती. १९७८ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांचा लेख आला. जीवाणू चिकटतात कसे, हा त्याचा विषय होता. ‘बायोफिल्म’ हा शब्द पुढे रूढ झाला तो बराचसा कॉस्टर्टन यांच्यामुळे. हे गृहस्थ १९६० च्या दशकात काही वर्षे पंजाबात बटाल्याच्या बेरिंग युनियन ख्रिश्चन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते, ही माहिती मला कुठेतरी वाचताना मिळाली आणि उगाचच बरे वाटले.

पाइपात घडते ते थोडक्यात असे. नव्या पाइपातून पाणी वाहू लागले की पाण्यातले सेंद्रिय कण प्रथम भिंतीवर एक अतिपातळ लेप देतात. त्यावर जीवाणू टेकतात. काही वाहून जातात, काही धरतात. धरलेले जीवाणू आपल्याभोवती एक चिकट द्रव्य स्रवतात. बहुशर्करा, प्रथिने, फुटलेल्या पेशींतले डीएनए यांचे ते मिश्रण असते. त्यात ते विभागतात, दुसऱ्या जातींचे जीवाणू येऊन मिळतात, त्यांना खाणारे अमीबा येतात. थरात पाणी खेळते राहील अशा वाटा तयार होतात. जाडी पाहावी तर मिलिमीटरच्या अंशात. पण पाणीपुरवठ्याच्या जाळ्यातल्या एकूण जीवाणुद्रव्यापैकी सुमारे ९५ टक्के या भिंतींवर असते आणि वाहत्या पाण्यात जेमतेम ५ टक्के, असा अंदाज आहे. आपण बाटलीत भरून तपासायला पाठवतो ते पाणी. रहिवासी भिंतीवर राहतात.

यातले बहुतेक जीवाणू निरुपद्रवी असतात, हे येथेच सांगितले पाहिजे. नाही तर हा लेख वाचून कोणी पाणी पिणे सोडायचा. धोका वेगळा आहे. बाहेरून कधी काळी घुसलेल्या रोगजंतूला या थरात आसरा मिळू शकतो. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात उद्भवलेल्या न्यूमोनियामुळे ज्याचा शोध लागला, तो लिजिओनेला हा जीवाणू तर थरातल्या अमीबांच्या पोटात वाढतो. अमीबा त्याला गिळतो आणि पचवू शकत नाही. बाहेर क्लोरीन, आत अमीबाचे कवच.

क्लोरीन पाण्यात विरघळले की हायपोक्लोरस आम्ल तयार होते, आणि जंतूंना मारण्याचे काम मुख्यतः ते करते. त्याचे सामर्थ्य म्हणजे तीव्रता. समोर येईल त्याच्याशी ते अभिक्रिया करते. तीच त्याची मर्यादाही आहे. थराच्या बाहेरच्या चिकट द्रव्याशी झुंजण्यातच ते खर्ची पडते. जितके आत मुरते त्याहून वेगाने संपते. १९९४ साली अतिसूक्ष्म विद्युदग्रे थरात खुपसून हे प्रत्यक्ष मोजले गेले, तेव्हा बाहेरच्या पाण्यात जेवढे क्लोरीन होते त्याच्या पंचमांश किंवा त्याहूनही कमी थरात आढळले. पाइप लोखंडी असला तर गंजाचे फोडही क्लोरीन खातात आणि त्या फोडांच्या खळग्यांत जीवाणूंना आडोसा मिळतो. क्लोरीन आणि अमोनियापासून होणारे मोनोक्लोरामाइन त्या मानाने सौम्य. जंतू मारायला ते अधिक वेळ घेते, पण वाटेत कमी अडकते, म्हणून थरात अधिक खोल जाते. लेव्हेनहुकचे व्हिनेगर मला इथे पुन्हा आठवले.

*

साहित्याच्या माणसाला हे सगळे वाचताना रूपके खटकू लागतात. जंतुशास्त्राची लोकप्रिय भाषा युद्धाची आहे. हल्ला, प्रतिकार, शत्रू, नायनाट. ‘जंतुनाशक’ आणि ‘निर्जंतुक’ हे शब्दही त्याच घरातले. ‘जंतू’ हा मुळात जन्मलेला जीव, प्राणिमात्र. जुन्या मराठीत त्यात माणूसही येई. तो शब्द आकसत आकसत सूक्ष्मदर्शकाखालच्या वैऱ्यापुरता उरला. बायोफिल्मच्या अभ्यासाने एक निराळे रूपक पुढे आणले. २००० साली पॉला वॉटनिक आणि रॉबर्टो कॉल्टर यांनी ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’त लिहिलेल्या लेखात या थराला सूक्ष्मजीवांचे शहर म्हटले आहे. जीवाणू वस्तीची जागा निवडतो, शेजार धरतो, घर उभारतो, प्रसंगी सोडून जातो. रूपक मोहक आहे आणि पुष्कळ काही उलगडते. पण युद्धाचे रूपक जसे जीवाणूला वैर बहाल करते, तसे शहराचे रूपक त्याला नागरिकत्व बहाल करते. दोन्हींत हेतू गृहीत धरलेला आहे. जीवाणूला हेतू नाही.

मला यांहून एक साधे रूपक जवळचे वाटू लागले, ते घरकामाचे. युद्धात एक दिवस जय होतो आणि तहनामा लिहिला जातो. भांडी घासण्यात असा दिवस येत नाही. माठ आज घासला तरी आठ दिवसांनी हाताला बुळबुळीत लागतोच. त्यात माठाचा पराभव नाही आणि घासणारीचाही नाही. नारळाची शेंडी, राख, तांब्या-पितळेला चिंच, यांनी हंडे-कळश्या घासण्याची जी रीत घरोघर होती, ती बायोफिल्मवरचा खात्रीचा उपाय होता. औषध थरात मुरत नाही, तेथे घर्षण काम करते. दाताला चूळ पुरत नाही, घासावेच लागतात. पाणीपुरवठ्याचे अभियंतेही तेच करतात. वाहिनीच्या टोकाचा वॉल्व्ह उघडून वेगाने पाणी सोडतात, मोठ्या वाहिन्या आतून खरवडतात, टाक्या रिकाम्या करून घासतात.

जुन्या रीतीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. ते घासणे कोणाच्या वाट्याला येत होते आणि येते, हे आपल्याला ठाऊक आहे. मुद्दा मानाचा आहे. धरणाचे उद्घाटन होते, जलशुद्धीकरण केंद्राच्या कोनशिलेवर नावे कोरली जातात, योजनेचा आकडा वर्तमानपत्रात येतो. टाकी घासली गेली त्या दिवसाची कोनशिला नसते. बायकांच्या घरकामाला जी अदृश्यता आहे, तीच सार्वजनिक व्यवस्थेतल्या निगराणीच्या कामाला आहे. तुटपुंज्या मानधनावर गावाच्या आरोग्याची किल्ली हातात असलेल्या माणसाचे काम कोणाच्या नजरेस येते, तर ज्या दिवशी ते झाले नाही त्या दिवशी.

*

निगराणी सतत करावी लागते हे आपल्या गळी उतरत नाही, त्याचे एक कारण ‘शुद्ध’ या शब्दात असावे. शुद्ध ही आपल्याकडे एक स्थिती आहे. ती विधीने लाभते, स्पर्शाने भंगते आणि पुन्हा विधीने लाभते. नळ नवे होते तेव्हा तोटीतल्या चामड्याच्या वायसरमुळे नळाचे पाणी सोवळ्यात चालत नसे, हे घरातल्या जुन्या मंडळींकडून आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. विहिरीत काय पडले आहे, याहून तिला कोणाचा हात लागला आहे, याची चिंता मोठी होती.

या चिंतेचा सर्वांत उघडा इतिहास महाडला घडला. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव केला होता आणि महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात तेथे पाणी घेणे अस्पृश्यांना शक्य नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. शेण, गोमूत्र, दही कालवलेल्या घागरी मंत्रोच्चारात तळ्यात रिचवल्या गेल्या. आजची पाणी तपासणारी प्रयोगशाळा तळ्याचा नमुना त्या विधीच्या आधी आणि नंतर घेती, तर विष्ठेतून येणाऱ्या जीवाणूंचा आकडा कोणत्या दिशेला सरकला असता, हे सांगायला तज्ज्ञ नको. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला.

योगायोग असा, की पाण्यात क्लोरीन घालण्याची प्रथा जगात रुजली तीही ‘शुद्ध’ या शब्दावरच्या खटल्यातून. अमेरिकेतल्या जर्सी सिटीचा एका खाजगी पाणीकंपनीशी करार होता आणि त्यात पाणी ‘शुद्ध आणि आरोग्यदायी’ असावे अशी अट होती. पाणी तसे नाही म्हणून नगरपालिका न्यायालयात गेली. तेव्हा कंपनीचे वैद्यकीय सल्लागार डॉ. जॉन लील यांनी कोणाची पूर्वपरवानगी न घेता बून्टनच्या जलाशयावर ब्लीचिंग पावडरचे द्रावण सोडण्याची यंत्रणा उभारली. रचना अभियंता जॉर्ज फुलर यांची होती. २६ सप्टेंबर १९०८ रोजी ती सुरू झाली. पुन्हा साक्षीपुरावे झाले. ज्यात रसायन मिसळले आहे ते पाणी शुद्ध म्हणायचे का, असा तो प्रश्न होता, आणि १९१० साली उत्तर आले ते ‘होय’ असे. त्याआधी इंग्लंडात मेडस्टनला १८९७ साली विषमज्वराच्या साथीत तात्पुरता आणि लिंकनला १९०५ साली कायमस्वरूपी असा क्लोरीनचा वापर झाला होता. परंतु रोजच्या पाण्यात रोज थोडे ‘औषध’ हा विचार मोठ्या प्रमाणावर पसरला तो जर्सी सिटीनंतर.

दोन खटले, दोन ‘शुद्ध’. एका ठिकाणी शुद्ध म्हणजे ज्याला परक्याचा स्पर्श नाही ते. दुसऱ्या ठिकाणी शुद्ध म्हणजे ज्याने माणूस आजारी पडत नाही ते, मग त्यात काही मिसळलेले का असेना. आपल्या गावांत आज या दोन्ही व्याख्या एकाच नळाखाली नांदतात. त्या प्रशिक्षणात एका जलसुरक्षकाने सांगितले होते, की मात्रा नीट ठेवली की लोक भांडायला येतात. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणतात, चहा बिघडतो म्हणतात. मग तो हात आखडता घेतो. साहेब येणार असले की पुन्हा सढळ हाताने टाकतो. ज्या वासाने खात्री वाटायला हवी, त्याच वासाने पाणी बाटल्यासारखे वाटते. या भावनेला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण सुशिक्षित घरांतही ‘केमिकल’ या शब्दाला हल्ली तोच विटाळ आहे.

*

क्लोरीनची तरफदारी आंधळी नसावी, हेही इतिहास सांगतो. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीला काविळीची मोठी साथ आली. यमुनेत नजफगड नाल्याचे सांडपाणी वजीराबादच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत मागे फिरले होते. केंद्रावर क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली आणि विषमज्वर, हगवण यांची साथ आली नाही. पण काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. जीवाणू आटोक्यात आले, विषाणू निसटला. पुढे जपून ठेवलेले रक्तद्रवाचे नमुने तपासले गेले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले शास्त्रज्ञ सहभागी होते. ही कावीळ ‘अ’ही नव्हे आणि ‘ब’ही नव्हे, असे त्यातून दिसले, आज आपण तिला हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतो.

१९७४ साली रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवून दिले, की पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनची अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. त्यानंतर डच लोकांनी वेगळी वाट धरली. जीवाणूंना मारत बसण्यापेक्षा त्यांचे खाणेच तोडायचे. पाणी शुद्धीकरण केंद्रातच इतके निवळायचे, की वाहिनीत जीवाणूंना पोसणारे सेंद्रिय कार्बन जवळजवळ उरू नये. वाहिन्या अभंग ठेवायच्या, दाब कधी पडू द्यायचा नाही. २००५ पर्यंत त्या देशाने नळाच्या पाण्यातून क्लोरीन काढून टाकले. ही गोष्ट ऐकून आपल्याकडेही क्लोरीन नको म्हणणारे भेटतात, आणि डचांनी त्या जागी काय ठेवले ते विसरतात. ज्यांचा पाइप रिकामा होतच नाही, त्यांना हा संयम परवडतो.

आपला पाइप रोज रिकामा होतो. पाणी दिवसातून तासभर, कुठे दिवसाआड, कुठे आठवड्यातून एकदा. पाणी बंद झाले की वाहिनीतला दाब जातो, आणि जिथे चीर आहे तिथून बाहेरची ओल, शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. पाणी सुटले की रिकाम्या वाहिनीत ते धडकत येते आणि भिंतीवर धरलेले सुटून वाहू लागते. नळाला आलेले पहिले पाणी सोडून द्यायचे, हे आपल्याकडे कोणी शिकवावे लागत नाही. त्या गढूळ, कधी फुसफुसणाऱ्या पाण्याचा अर्थ घराघराला ठाऊक आहे. हुबळी-धारवाडमध्ये काही भागांत चोवीस तास पाणी आणि बाकी शहरात थांबून-थांबून पाणी अशी स्थिती असताना संशोधकांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा खंडित पुरवठ्याच्या नळांत विष्ठाजन्य दूषितता कितीतरी अधिक आढळली. शिवाय पाणी खंडित, म्हणून साठवण आली. पिंप, टाकी, ड्रम. नळाच्या आतली भिंत अशी घराच्या आत पिंपापर्यंत येते, आणि तेथे ती घासण्याचे काम पुन्हा त्याच हातांवर पडते.

श्रीमंत देशातही ही भिंत कधी कधी अशी बोलते, की ऐकणाऱ्याने थरारून जावे. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचे पाणी खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये बदलले गेले आणि गंजरोधक द्रव्य घातले गेले नाही. पाइपांच्या भिंती खरवडल्या जाऊ लागल्या. शिसे पाण्यात उतरले, लोखंडाने क्लोरीन खाल्ले. २०१४-१५ मध्ये त्या परिसरात लिजिओनेलाच्या न्यूमोनियाने १२ माणसे गेली. पाण्याचा रंग आणि वास बदलल्याचे तेथले रहिवासी, ज्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, पहिल्या काही महिन्यांतच सांगत होते. पाणी ठीक आहे, असे उत्तर त्यांना पुन्हा पुन्हा मिळत राहिले. येथे प्रश्न रसायनशास्त्राच्या ज्ञानाचा नव्हता; कोणाच्या नाकावर आणि डोळ्यांवर विश्वास ठेवायचा, याचा होता.

*

पुस्तिकेतला आणखी एक शब्द माझ्या मनात राहून गेला आहे. पाण्यात घातलेल्या क्लोरीनपैकी वाटेतली सेंद्रिय द्रव्ये, गंज, भिंतीवरचा थर, या सगळ्यांचे देणे चुकते करून जे उरते, त्याला ‘शेष क्लोरीन’ म्हणतात. भारतीय मानक आयएस १०५०० याच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असले पाहिजे. शेष म्हणजे भागाकारात उरलेली बाकी. शेष म्हणजे देवाला वाहून परत मिळालेले फूल. शेष म्हणजे ज्याच्या माथ्यावर पृथ्वी आहे तो. इतका भारदस्त शब्द एका पिवळ्या रंगाच्या छटेसाठी वापरला जातो. छोट्या नळीत पाणी घ्यायचे, ओटीचे थेंब टाकायचे, पाणी पिवळे झाले की शेष आहे, नाही झाले की नाही.

‘शुद्ध’पेक्षा ‘शेष’ ही कल्पना मला अधिक प्रामाणिक वाटते. पाणी पवित्र झाले, असा तिचा दावा नाही. वाटेत काय काय झाले असेल ते झाले. पुढे काही घडले तर त्याला तोंड द्यायला एवढे अजून शिल्लक आहे, इतकेच ती सांगते. आणि ती विचारते ते टाकीजवळ नाही. टाकीजवळ शेष असणारच. तेथे टीसीएल नुकतीच पडलेली असते. टाकीपासून जितके दूर जावे तितका दाब कमी, पाणी जुने, भिंतीशी घसट अधिक आणि शेष कमी.

माझ्या पाहण्यातल्या चार गावांत ही शेवटची तोटी कुठे आहे, ते मी नंतर मुद्दाम पाहिले. तीन गावांत ती जुन्या गावकुसाच्या बाहेरच्या वस्तीत होती. वाहिनी टाकणाऱ्याने उतार आणि अंतर पाहिले असेल, जात पाहिली नसेल. पण वस्ती तिथे का आहे, हे पाणी येण्याच्या आधीच ठरून गेले होते. चवदार तळ्यावरचा जुना मज्जाव आता कोणी बोलून दाखवत नाही. पाइप सर्वांना सारखा जोडलेला आहे, नळ सर्वांना सारखे लावलेले आहेत. फरक पडतो तो फक्त शेवटच्या नळीत, पाणी पिवळे होते की होत नाही एवढ्यात. नमुना शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नळाचा घेऊन तक्ता भरता येतो आणि अनेकदा तसाच भरला जातो. तो शेवटच्या घरातून घ्यावा, असे पुस्तिकेत आहे. त्या वाक्याची भाषा मला तपासावी लागली नाही; ते आधीच सोपे होते.